मीटर मोडलंसा की

महिनाअखेरीला रिटायर होणार होते बाळगोंडा मामा.
सव्वीस वर्षं, खोली नंबर नऊ,
किल्ल्यांचा जुडगा, ॲसिडनं भोकं पडलेला खाकी शर्ट,
आणि कोपऱ्यातलं ते यंत्र,
ज्याला ते कायम 'फोटोवालं' म्हणत आले.

मार्केट यार्डातनं गुळाचे नमुने यायचे.
मामा खडे फोडून, विरघळवून, गाळून ठेवायचे,
मी आकडा घ्यायचे पाचशे चाळीसवर.
त्याआधीच ते नळी खिडकीकडं धरून म्हणायचे,
"ह्यात हायड्रोस मारलंय, मॅडम."
बहुतेकदा खरं निघायचं.

एका दुपारी दार लोटून आत आले.
"निरोपाच्या दिवशी बोलायला लावणार मला.
सगळ्यांची नावं घीन. ह्येचं बी घ्यावं म्हणतोय.
एकदाच, पण नीट. शिकवा."

मी जाड मार्करनं लिहिलं, देवनागरीत,
आणि मलाच कळेना रेघ कुठं मारायची.
शाळेत लघु-गुरू पाडलेत,
बोटांवर मात्रा मोजल्यात,
इथं ते काहीच कामाला येईना.

"स्पेक्ट्रो म्हणजे रंगांचा पट्टा," मी म्हटलं,
"फोटो म्हणजे उजेड. मीटर म्हणजे मोजायचं."
"मग झालं की. तीन कांडी."
"ते अर्थाचं. म्हणायचं मात्र
स्पेक्. ट्रो. फ. टॉ. मि. टर."
ते कागदाकडं बघत राहिले.
"मीटर मोडलंसा की वो."

मोडलं होतंच.
मीटरची दीर्घ ई आखडली होती,
फोटोतला पहिला ओ गिळला गेला होता,
दुसऱ्यानं मात्र आ वासला होता.
अर्थ जिथं सांधलाय तिथं जीभ तोडत नाही, का,
ते मला एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं.
पुण्याच्या परीक्षकानं फक्त दुरुस्त केलं होतं,
जरा हसून.

मामा शिरोळकडचे.
"लावणीला ऊस तोडताना," ते म्हणाले,
"लांबी कोण बघत न्हाई. डोळा बघायचा.
दर टिपरीत डोळा ऱ्हायला पायजे,
न्हाईतर मातीत जाऊन नुसतं कुजतंय."

मी स्वरांवर टिंबं दिली.
ए, ओ, अ, ऑ, इ, अ.
सहा डोळे.

"आन् दाबायचं कुठं?"

आपल्यात सगळी अक्षरं एका पंगतीला बसतात,
कुणाला जादा तूप नाही.
मी चौथ्यावर खूण केली.
त्यांनी टेबलाखाली टाच रोवली,
सरीतल्या ओल्या चिखलात टिपरी दाबावी तशी.
टॉ.
मग रोज, ब्युरेट धुताना,
बेसिनपाशी एकटी टाच आपटायची.

पुढची इ मात्र जाईना.
इस्कूल, इस्टो, इस्पेक्.
सातवा डोळा. मी त्याच्या वाटेला गेले नाही.

एकतीस तारखेला शाल, नारळ, फेटा.
शिकलगार सरांचं भाषण लांबलं, चहा गार झाला.
मामा उठले. क्लार्कचं नाव घेतलं, वॉचमनचं,
कँटीनच्या हौसाक्कांचं,
बदलून गेलेल्या दोघांचं, वारलेल्या एकाचं.
मग थांबले. टाच हलली.

"इस्पेक्. ट्रो. फ. टॉ"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या,
झालं असं समजून.
टाळ्या सरेपर्यंत ते तसेच उभे,
तोंड अर्धं उघडं, नजर माझ्याकडं.
मग उरलेले दोन,
खिशातनं सुटे पैसे काढून मोजून द्यावेत तसे,
"मि. टर."

खोली नऊमध्ये आता नवा मुलगा आहे, कराराचा.
यंत्राला तो 'स्पेक्ट्रो' म्हणतो, पुढचं टाकून देतो.
मी वर्गात पूर्ण म्हणते,
टॉनंतर जराशी थांबून;
मुलं वहीतनं मान वर काढतात,
बाई विसरल्या की काय म्हणून.

यंत्र तापायला वीस मिनिटं लागतात.
तोवर मी गुळाची नळी
खिडकीकडं धरून बघते.